गावातून सायकली जाणार होत्या

एकवीस वर्षं झाली, नगरपालिकेत मी आवक-जावकच्या टेबलावर आहे. गावातून, जिल्ह्यातून, मंत्रालयातून जो कागद येतो तो आधी माझ्या हातचा शिक्का खातो, मग पुढे सरकतो. कागदाला नंबर पडतो, त्याची फाईल होते, फाईल कपाटात जाते. पण कागदाच्या मागोमाग जे किस्से आत येतात त्यांना ना नंबर, ना कपाट! ते इथेच कुठेतरी टेबलाखाली पडून असतात आणि चहाच्या वेळी बाहेर येतात. परवा सायकल शर्यतीचा विषय निघाला आणि दोनदा चहा गार झाला. तेव्हा म्हटलं, एकदा सांगूनच टाकावं.

आमचं गाव लहान. संगमनेरहून गाडीनं अर्धा तास. शिर्डीला निघालेली माणसं आमच्या स्टँडवर चहाला थांबतात आणि विचारतात, "शिर्डी अजून किती लांब?" आमच्या गावाबद्दल कोणी काही विचारत नाही. अशा गावातून आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत जाणार, असं पत्र आलं!

*

पत्र आलं त्या दिवशी ऑफिसात नुसता गोंधळ. पत्र मीच मोठ्यानं वाचून दाखवलं. परदेशातले खेळाडू, टीव्हीवर थेट प्रक्षेपण, आणि गावातला अडीच किलोमीटरचा रस्ता चकाचक हवा.

आमचे शिपाई कोंडाजीनाना दाराला टेकून ऐकत होते. निवृत्तीला आलेला माणूस. ऑफिसात कोणीही आलं तरी आधी पाण्याचा ग्लास पुढे करायचा आणि मग "काय काम हाय?" विचारायचं, ही त्यांची पद्धत.

"ताई, पाव्हणे मुक्कामी हायत का?"

"नाही नाना. नुसते जाणार."

"मंग जेवायला तरी?"

"जेवायलाही नाही."

"च्या?"

"नाना, शर्यत आहे ती! थांबत नाहीत. चार मिनिटांत गावातून पार होतात."

नानांनी जरा विचार केला. "पानी तरी पित्याल का न्हाई?"

"सायकलवरच बाटली असते त्यांच्या."

नाना खरोखर दुखावले. म्हणाले, "येवढ्या लांबून यायचं आन पानीबी घ्यायचं न्हाई? आमी काय केलंय त्यांचं?"

*

आमच्या मुख्याधिकारी, म्हणजे सीओ मॅडम, वयानं माझ्या मुलीएवढ्या. पहिलंच पोस्टिंग. कामाला कडक, हसणं मोजून-मापून. शर्यतीच्या आधी गावात वातावरण तयार व्हावं म्हणून जिल्ह्यावरून हुकूम आला: कर्मचाऱ्यांची सायकल रॅली काढा, मुख्याधिकारी सर्वांत पुढे.

त्या दिवशी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं!

"ताई, कोणाला सांगू नका. मला सायकल येत नाही."

मी बघतच राहिले.

"घरात एकच सायकल होती," त्या म्हणाल्या, "ती भावाची. मी चालत जायचे शाळेत. मागाल तेवढ्या परीक्षा देते हो, पण हे कुठून आणू?"

मग काय! सफाई विभागातल्या आमच्या हिराबाईंना विश्वासात घेतलं. पंचावन्न वर्षांची बाई, पण दम असा की घंटागाडीच्या पुढे चालेल. रोज सकाळी उजाडलं की बाजार समितीच्या मोकळ्या आवारात आम्ही तिघी. मॅडम सायकलवर, हिराबाई सीट धरून मागे पळतायत, आणि मी गेटवर पहारा देतेय.

"मॅडम, खाली नका बघू! गावाकडं बघा!" हिराबाई ओरडायच्या.

आठव्या दिवशी हिराबाईंनी हळूच हात सोडला आणि मॅडम गेल्या की हो सरळ! हिराबाईंनी पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, "माझ्या पोरीला शिकवली तवाबी एवढा आनंद न्हवता झाला."

रॅलीचा दिवस. पांढरे टी-शर्ट, टोप्या, बँड. मॅडम सगळ्यांत पुढे, मान ताठ. पालिकेपासून स्टँडपर्यंत रॅली जायची होती आणि तिथे समारोप. स्टँड आलं. टाळ्या झाल्या. मॅडम थांबेनात! स्टँड मागे पडलं, पेट्रोल पंप मागे पडला. सीओ थांबत नाहीत म्हटल्यावर कर्मचारी तरी कसे थांबणार? सगळी रॅली मागे. बँडवाल्यांनी शेवटी नाद सोडला.

मी पायडल मारून मारून त्यांच्या शेजारी पोचले, तर मॅडम दातओठ खाऊन पुटपुटतायत, "ताई, उतरायचं शिकवलंच नाही तुम्ही!"

खरंच की! रोज उतरताना हिराबाई धरायच्या. आपलं आपण उतरायचं राहूनच गेलं होतं. शेवटी मळ्याच्या कडेला हिरव्या गवताचा ढीग दिसला आणि मॅडमनी सायकल सरळ त्यात घातली. लागलं काही नाही. गवतात बसून मॅडम जे हसायला लागल्या... त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी: 'मुख्याधिकाऱ्यांचा दांडगा उत्साह, रॅली नियोजित मार्गाच्या दीड किलोमीटर पुढे!'

*

तयारीच्या सूचनांमध्ये एक ओळ होती: शर्यतीच्या मार्गावर मोकाट कुत्री दिसता कामा नयेत.

मीटिंगमध्ये कोणी म्हणालं, पिंजऱ्याची गाडी मागवू. कोणी म्हणालं, दोन दिवस कोंडून ठेवू. आमचे सफाई मुकादम शांतवनमामा कोपऱ्यात बसले होते. मामा म्हणजे मिशन कंपाउंडमधले. रविवारी चर्च आणि बाकी सहा दिवस झाडू, असा माणूस. गावातली झाडून सगळी कुत्री त्यांना ओळखतात. ते प्रार्थनेला आत गेले की चारपाच तरी बाहेर पायरीवर बसून असतात.

मामा उठून म्हणाले, "मॅडम, पिंजरा नको. मी बोलतो त्यांच्याशी."

सगळी मीटिंग हसली. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "बोला," म्हणाल्या.

मामांनी काय करावं? शर्यतीच्या पंधरा दिवस आधीपासून रोज सकाळी दहाच्या ठोक्याला घरून भाकऱ्या आणून चुरायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी मेन रोडवर. मग रोज थोडं थोडं आत. गल्लीत, मग शाळेच्या मागे, मग थेट नदीकाठच्या मैदानावर. कुत्र्यांनाही वेळ पाठ झाली. पावणेदहाला मेन रोडवरून वरात निघायची!

शर्यतीच्या दिवशी सकाळी दहाला रस्त्यावर एक कुत्रं नव्हतं. सायकली गेल्या, टाळ्या झाल्या, सगळं नीट पार पडलं. दुपारी मॅडमच्या लक्षात आलं. ज्या माणसानं महिनाभर तो रस्ता झाडला, त्यानं शर्यत पाहिलीच नाही. तो नदीकाठी कुत्र्यांपाशी बसलाय!

मॅडम स्वतः गेल्या, मी बरोबर होते. मामा भिंतीच्या सावलीत बसले होते आणि भोवती दहाबारा जण पेंगत पडलेले. मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या आणि मोबाईलवर व्हिडिओ लावला. मामांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. फोन अगदी डोळ्यांजवळ धरला.

"लई झ्याक," मामा म्हणाले. "काय दिसतोय!"

"कोण हो? तो पिवळ्या शर्टाचा?"

"त्ये न्हाई मॅडम. रस्ता! एक कागूद न्हाई बघा कुठं!"

*

आता प्रत्यक्ष शर्यतीचं सांगते. परदेशी लोकांचं स्वागत इंग्रजीत व्हायला पाहिजे असं ठरलं होतं आणि कोंडाजीनानांनी ते फारच मनावर घेतलं. आठ दिवस आधीपासून ऑफिसात कोणीही आलं की नाना "वेलकम!" म्हणायचे. नळाची तक्रार घेऊन आलेली बाई दचकायची. मृत्यूचा दाखला घ्यायला आलेल्या एका माणसालाही म्हणाले, तेव्हा मात्र मी त्यांना बाजूला घेतलं!

त्या दिवशी नाना कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पालिकेच्या पायरीवर उभे. शाळेची पोरं झेंडे घेऊन दोन तास उन्हात. आधी पोलिसांच्या मोटरसायकली गेल्या, मग कुणीतरी ओरडलं, "आले! आले!"

नानांनी छाती भरून हवा घेतली. तोंड उघडलं. "वेल..."

सर्रकन रंगांचा एक पट्टा गेला. वारा आला, टोप्या उडाल्या, संपलं! नानांचं "कम" बाहेर पडलं तेव्हा समोरून ॲम्ब्युलन्स चालली होती.

सगळे हसले. नाना पण हसले, पण त्यांचा चेहरा उतरला. गर्दी पांगायला लागली. पोरं वर्गात गेली. पोलीस दादा दोर गुंडाळायच्या तयारीत होते. नाना मात्र पायरीवरच.

आणि मग, बराच वेळ गेल्यावर, एकटाच एक सायकलवाला आला. मागे राहिलेला. अगदी पोरसवदा. गुडघा फुटलेला, पायावरून रक्ताचा ओघळ, कपड्यांना एका बाजूनं माती. कुठेतरी घाटात पडला असणार. मान खाली, पण पायडल चालूच. त्याच्यामागे सोबतीला हळूहळू चाललेली एक गाडी.

नाना पायरी उतरून रस्त्याच्या कडेला गेले. मला वाटलं, आता आठ दिवसांची प्रॅक्टिस कामाला येणार! तो पोरगा अगदी समोर आला. नानांच्या तोंडून इंग्रजी सगळं गेलं. दोन्ही हात पुढे करून ते ओरडले,

"सावकाश जा रं, बाळा! घाई करू नगंस!"

शर्यतीतल्या माणसाला! पोरानं मान वर केली, नानांकडे पाहिलं, आणि हँडलवरचा एक हात सोडून छातीवर ठेवला.

नाना त्या दिवशी जेवलेच नाहीत. "त्याला समाजलं," एवढंच म्हणत होते. "ताई, त्याला समाजलं."

*

हा पुढचा किस्सा मी फारसा सांगत नाही. आमच्या शेटे साहेबांचा, म्हणजे पालिकेच्या इंजिनिअरचा. नियमाला पक्का, बोलायला तुटक माणूस.

मेन रोडवरच्या प्राथमिक शाळेसमोर एक स्पीडब्रेकर आहे. तो कसा झाला ते मला माहीत आहे, कारण त्याचे सगळे अर्ज माझ्याच टेबलावरून गेले. स्टँडजवळ दत्तू शिंपी म्हणून लेडीज टेलर आहेत. त्यांची मुलगी पूर्वा तिसरीत असताना शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडत होती आणि भरधाव टेम्पोनं तिला उडवलं. पोरगी वाचली, पण उजवा पाय जरा ओढतच चालते. तेव्हापासून दत्तू शिंपी दर महिन्याला अर्ज घेऊन यायचे. भांडण नाही, आरडाओरडा नाही. अर्ज द्यायचे, पोच घ्यायची, नमस्कार करायचा. सोळाव्या अर्जाला स्पीडब्रेकर झाला.

आणि शर्यतीसाठी आदेश आला, मार्गावरचे सगळे स्पीडब्रेकर काढा. चार दिवस आधी!

शेटे साहेब स्वतः दत्तू शिंप्यांच्या दुकानात गेले. मी ब्लाऊज टाकायला तिथेच होते, म्हणून मला माहीत. साहेबांनी आदेश वाचून दाखवला. दत्तूंनी मशीन थांबवलं.

"बरोबर हाय साहेब. गावाचा मान हाय. काढा." मग थोडं थांबून म्हणाले, "पण त्ये चार दिवस?"

साहेबांनी आदेशाची घडी करून खिशात ठेवली.

ब्रेकर निघाला. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळी बघते तर दत्तू शिंपी रस्त्याच्या कडेला उभे. हातात काठी, काठीला लाल ब्लाऊजपीस बांधलेला. पोरं आली की काठी आडवी करायची, गाड्या थांबवायच्या, पोरं पलीकडे सोडायची. दुपारी सुटायच्या वेळी परत तेच.

त्याच्या पुढच्या दिवशी शाळेच्या बाजूला दत्तू, आणि रस्त्याच्या पलीकडे आमचे शेटे साहेब! इन केलेला शर्ट, पायात बूट, गळ्यात आयकार्ड, आणि हातात काठीला बांधलेला दुसरा लाल ब्लाऊजपीस. दोघं एकमेकांशी अक्षर बोलत नव्हते. नुसतं मान हलवून इशारा करायचे आणि पोरं सोडायचे. उरलेले दिवस हे असंच चाललं.

आता अडचण पुढे होती. काढलेला ब्रेकर परत करायचा तर नवा प्रस्ताव, पोलिसांचा ना हरकत दाखला, समितीची बैठक. सहा महिने कुठे गेले नाहीत! हे शेटे साहेबांइतकं कोणालाच माहीत नाही.

शर्यत झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरताना लोक बघतात तर ब्रेकर जागेवर! ताजा, काळाभोर, वर पांढरे पट्टे.

मॅडमनी साहेबांना बोलावलं. मी नेमकी सहीसाठी फाईल घेऊन उभी होते.

"शेटे, शाळेसमोरचा तो नवीन ब्रेकर कोणाच्या मंजुरीनं झाला?"

सबंध नोकरीत एक ओळ नियमाबाहेर न लिहिलेला माणूस. घसा खाकरून म्हणाला,

"नवीन नाही मॅडम. जुनाच आहे. धुवायला नेला होता."

*

रफिकभाई पेंटर. आमच्या गावातल्या दुकानांवरच्या पाट्या, शाळेतले सुविचार, दवाखान्यावरचं लाल अधिकचं चिन्ह, सगळं त्यांच्या हातचं. काम करताना ते एकटे कधीच नसायचे. सायकलच्या कॅरिअरवर जैबूनभाभी बसलेल्या, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर रंगाचा डबा. रफिकभाई शिडीवर चढायचे आणि भाभी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहायच्या. तिथून सांगायच्या, "वर घ्या जरा. आता डावीकडं उतरतंय बघा." तीस वर्षं गावानं हे पाहिलं.

भाभी गेल्या आणि रफिकभाईंनी ब्रश ठेवून दिला. कोणी काम घेऊन गेलं की म्हणायचे, "अक्षर सरळ आलं का नाही, कोन सांगनार?"

शर्यतीसाठी पाण्याच्या टाकीची लांबलचक भिंत रंगवायची होती. त्यावर सायकलवाल्यांचं चित्र. बाहेरचा पेंटर बोलवायचं चाललं होतं. मी रफिकभाईंच्या घरी गेले. म्हटलं, "भाई, मी उभी राहते पलीकडे. मी सांगते."

त्यांनी आधी मला पाणी दिलं. मग उठले आणि फळीवरून ब्रश काढले.

सहा दिवस ते रंगवत होते. मी रोज लंच टाईमला जाऊन रस्त्याच्या पलीकडे उभी राहायचे. मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. "छान आहे" एवढंच म्हणायचे. पण तेवढं पुरत असावं.

शर्यतीच्या तीन दिवस आधी पाहणी करायला वरून एक साहेब आले. हातात छापील फॉर्म, एकेक गोष्ट तपासून टिक करत होते. भिंतीपाशी थांबले. पाच सायकलवाले, हेल्मेट घातलेले, वाकलेले, अगदी हुबेहूब. चार सायकली मोबाईलवरच्या फोटोसारख्या. पाचवीला मात्र मडगार्ड, घंटी, स्टँड आणि मागे कॅरिअर!

"हे काय?" साहेब म्हणाले. "शर्यतीच्या सायकलला कॅरिअर नसतं. टीव्हीवर दिसणार आहे हे. मी संध्याकाळी परत येतो. कॅरिअर दिसता कामा नये."

त्यांनी फॉर्मवर त्रुटी म्हणून नोंद केली. मॅडम काही बोलणार होत्या, पण रफिकभाईंनीच मान हलवली. "जी साहेब. न्हाई दिसनार."

संध्याकाळी पाचला आम्ही परत गेलो. साहेब, मॅडम आणि मी. रफिकभाई ब्रश धूत होते. रंग अजून ओला होता.

पाचव्या सायकलवर मागे एक बाई बसली होती. एका बाजूला पाय सोडून. हिरवी साडी, डोक्यावर पदर, मांडीवर रंगाचा डबा. बाकीचे सगळे पुढे बघत होते. ती एकटी रस्त्याच्या पलीकडे बघत होती.

साहेब म्हणाले, "अहो, मी कॅरिअर काढायला सांगितलं होतं."

रफिकभाई हात पुसत उभे राहिले. "दिसतंय का साहेब?"

साहेबांनी जवळ जाऊन पाहिलं. साडीचा घोळ सगळीकडून खाली आला होता. मग ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि तिथून बघत उभे राहिले. मध्ये दोन बसगाड्या गेल्या, उसाचा एक ट्रॅक्टर गेला. साहेब हलले नाहीत.

परत आले तेव्हा त्यांनी खिशातून पेन काढलं. फॉर्म मॅडमच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि त्रुटीच्या रकान्यासमोर स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'समक्ष पाहणी केली. कॅरिअर आढळून आले नाही.'